मोकळ्या वेळेची विद्वत्सभा

भारतीय राज्यघटनेचे ४३वे कलम कामगाराला निर्वाहापुरते वेतन मिळावे, एवढे सांगून थांबत नाही. कामाची परिस्थिती अशी असावी की त्याला चांगले जीवनमान लाभेल, फुरसतीचा पूर्ण उपभोग घेता येईल आणि सामाजिक व सांस्कृतिक संधी मिळतील. राज्याने त्यासाठी झटावे, असे ते कलम म्हणते. मार्गदर्शक तत्त्वांतल्या वेतन, शिक्षण, पोषण, ग्रामपंचायती अशा विषयांवर पुढे देशात संशोधन संस्था निघाल्या, परिषदा भरल्या, नियतकालिके चालली. फुरसतीच्या वाट्याला त्यातले फारच थोडे आले. काम उरकल्यावर जे उरते ती फुरसत, तो ज्याचा त्याचा खासगी मामला, त्यात अभ्यासण्यासारखे काय, अशी समजूत पक्की आहे. ही समजूत चुकीची आहे, आणि ज्यांच्यापाशी फुरसत सर्वांत कमी आहे त्यांनाच तिचा फटका बसतो. मोकळ्या वेळेचा अभ्यास करणारी, निरनिराळ्या विद्याशाखांना एका जाजमावर बसवणारी कायमची विद्वत्सभा आपल्याला हवी, आणि तिचे ठिकाण म्हणून बंगळूरुचा दावा सर्वांत भक्कम आहे, हे या प्रकरणाचे म्हणणे आहे.

अशा सभा जगात आहेत आणि त्यांना आता बराच इतिहास आहे. १९५२ साली अमेरिकेत ‘इंटरनॅशनल रिक्रिएशन असोसिएशन’ स्थापन झाली. उद्याने, क्रीडांगणे आणि करमणूक केंद्रे कशी चालवावीत हा तिचा सुरुवातीचा विषय होता. १९७० मध्ये फुरसतीची जागतिक सनद निघाली, १९७३ मध्ये संस्थेच्या नावात ‘लेझर’ हा शब्द आला, आणि आज ती ‘वर्ल्ड लेझर ऑर्गनायझेशन’ म्हणून ओळखली जाते. १९७०मध्येच आंतरराष्ट्रीय समाजशास्त्र संघटनेने फुरसतीच्या समाजशास्त्रासाठी स्वतंत्र संशोधन समिती नेमली. ब्रिटनमध्ये १९७५ साली ‘लेझर स्टडीज असोसिएशन’ निघाली, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या अभ्यासकांनी १९९१ मध्ये आपली संस्था काढली. भारत या घडामोडींच्या अगदी बाहेर होता असे नाही. जयपूरचे समाजशास्त्रज्ञ ईश्वर मोदी यांनी १९८५ मध्ये फुरसत, प्रसारमाध्यमे आणि समाजरचना यांच्या संबंधांवर ग्रंथ लिहिला; पुढे त्या आंतरराष्ट्रीय समितीचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. १९९३ मध्ये जागतिक संघटनेचे अधिवेशन जयपूरला भरले. २०१७ मध्ये मोदी गेले. त्यांनी या विषयाला समाजशास्त्रात मान मिळवून दिला, पण विद्यापीठांचे विभाग, नगररचना, आरोग्य, संख्याशास्त्र या अंगांनी तो रुजायला लागतो तेवढी जमीन त्याला आपल्याकडे मिळाली नाही.

संघटनेने असे काय साधते जे सुटे विद्वान साधू शकत नाहीत? ब्रिटनमधले उदाहरण बोलके आहे. तिथल्या सुरुवातीच्या संशोधनात फुरसत म्हणजे पगारी कामानंतरचा वेळ, असे धरलेले असे. ही व्याख्या कारखान्याच्या भोंग्यावर बेतलेली होती. ज्या बाईला भोंगाच नव्हता तिला ती लागू पडत नव्हती. १९८६ मध्ये रोझमेरी डीम यांनी आणि १९९० मध्ये आयलीन ग्रीन, सँड्रा हेब्रॉन व डायना वुडवर्ड यांनी ग्रंथ लिहून हा दोष दाखवला. घरकामाला सुटी नसते, बाईचा मोकळा वेळ तुकड्यातुकड्यांत येतो, तिने संध्याकाळी कुठे जायचे हे भीती आणि लोकलज्जा ठरवते, हे त्यांनी पुराव्याने मांडले. पुरावा मांडला म्हणून व्याख्या आपोआप बदलत नाही. तो तपासायला, त्यावर भांडायला आणि शेवटी मान्य करायला त्याच विषयाचा एक कायमचा श्रोतृवर्ग लागतो. नियतकालिक, वार्षिक बैठक, विद्यार्थ्यांची पुढची पिढी यांमुळे तो तयार होतो. विद्वत्सभेचे खरे काम हेच: चुकीची व्याख्या फार काळ टिकू न देणे.

आपल्याकडे अशा व्याख्या आज सरकारी आकड्यांत शिरल्या आहेत, म्हणून ही गोष्ट तातडीची आहे. माणसे दिवसाचे चोवीस तास कसे घालवतात याची देशव्यापी पाहणी राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने प्रथम २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये केली. त्याआधी १९९८-९९ मध्ये सहा राज्यांत प्रायोगिक पाहणी झाली होती. तीत महाराष्ट्र नव्हता आणि कर्नाटकही नव्हते. २०२४च्या पाहणीत सुमारे १ लाख ३९ हजार कुटुंबांतल्या सहा वर्षांवरील साडेचार लाखांहून अधिक माणसांना विचारले गेले. पहाटे चारपासून दुसऱ्या दिवशी पहाटे चारपर्यंतचा काळ अर्ध्या अर्ध्या तासाच्या खणांत भरायचा, अशी तिची रीत आहे. हे फार मोलाचे काम आहे. जगातल्या मोजक्याच देशांनी एवढ्या आवाक्याची पाहणी केली असेल. तिचे निष्कर्ष सांगतात की संस्कृती, फुरसत, माध्यमे आणि क्रीडा या सदराखाली माणसे दिवसाला सरासरी १७१ मिनिटे घालवतात. पुरुष १७७, स्त्रिया १६४. म्हणजे फरक जेमतेम १३ मिनिटांचा. त्याच पाहणीत बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला २८९ मिनिटे घालवतात, तर ते काम करणारे पुरुष ८८. आणि असे काम करणारे पुरुष मुळातच चारांत एकाच्या आसपास. घरकामात एवढी दरी असताना फुरसतीत ती १३ मिनिटांवर कशी येते?

पुरुष पगारी कामावर जास्त वेळ असतात, हे त्याचे एक उत्तर आहे आणि ते खरे आहे. दुसरे उत्तर सदराच्या रचनेत आहे. पाहणीसाठी वापरलेले वर्गीकरण संयुक्त राष्ट्रांचे, २०१६चे आहे. त्याच्या आठव्या विभागात नाटक पाहणे, छंद, खेळ, टीव्ही आणि त्यांच्याच जोडीला नुसते पडून राहणे, विसावणे हेही मोडते. बंगळूरुच्या तयार कपड्यांच्या कारखान्यात दिवसभर शिलाई यंत्रावर बसून आलेली बाई भिंतीला टेकून अर्धा तास डोळे मिटते, आणि जे. पी. नगरच्या रंगशंकरमध्ये कोणी अर्धा तास नाटक पाहतो, हे दोन्ही अर्धे तास एकाच बेरजेत जातात. शिवाय भाजी निवडता निवडता पाहिलेली मालिका आहेच. एकाच वेळी दोन कामे झाली तर मुख्य कोणते, हे ठरवावे लागते आणि ठरवताना काहीतरी हरवतेच. १३ मिनिटांचा आकडा खोटा नाही. तो जे सांगतो असे वाटते ते मात्र तो सांगत नाही.

श्रम आणि विरंगुळा यांची अशी सरमिसळ आपल्या परंपरेने फार पूर्वी ओळखली होती. बसवकल्याण, म्हणजे त्या वेळचे कल्याण, इथे राज्य करणाऱ्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराच्या नावावरचा ‘मानसोल्लास’ बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातला. त्याच्या पाच भागांपैकी तीन उपभोग, विनोद आणि क्रीडा यांना दिलेले आहेत. राज्य मिळवणे आणि टिकवणे या दोन विषयांना जेवढे, त्याहून अधिक! याच ग्रंथात महाराष्ट्रातल्या स्त्रिया कांडताना ओवी गातात, अशी नोंद आहे. मराठी वाचक तिच्याकडे ओवीचा जुना उल्लेख म्हणून पाहतो, पण फुरसतीच्या अभ्यासकाला तीत एक अवघड प्रश्न दिसेल. कांडण हे श्रम, ओवी ही कला, आणि दोन्ही एकाच श्वासात. वेळेच्या कोणत्या खणात हे भरायचे? पुढे म्हैसूरच्या तिसऱ्या कृष्णराज वडियारांनी ‘श्रीतत्त्वनिधी’त कौतुकनिधी नावाचा स्वतंत्र भाग खेळांना दिला, पटावरचे आणि गंजिफाचे नवे खेळही त्यांनी रचले. बडोद्यात संपादक मुजुमदारांनी १९३६ ते १९४९ या काळात ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे दहा खंड काढले. नोंदी ठेवण्यात आपण कमी पडलो नाही. पण राजा गेला की त्याचे काम थांबले, संपादक थकला की कोश संपला. काम पुढे नेणारी सभा मागे उरली नाही.

आता बंगळूरु. या शहराकडे पाहिले की फुरसत ही खासगी बाब आहे हे म्हणणे टिकत नाही, कारण इथे तिला प्रत्येक काळात कोणीतरी आकार दिला आहे. लालबागेची मुहूर्तमेढ अठराव्या शतकात हैदर अलीने रोवली, तिथले काचघर १८८९चे. कब्बन पार्क १८७० मध्ये आखले गेले. १८६८चे बाउरिंग इन्स्टिट्यूट, आणि पुढे १९१७ मध्ये विश्वेश्वरय्यांच्या पुढाकाराने निघालेला सेंच्युरी क्लब. कोणाला कुठल्या दारातून आत येता येईल, हे या प्रत्येक संस्थेने ठरवले. स्वातंत्र्यानंतर एचएएल, आयटीआय, एचएमटी, बीईएल या सरकारी कारखान्यांनी वसाहती बांधल्या आणि वसाहतीबरोबर मैदाने, वाचनालये, नाट्यगट, संघ आले. १९७७ मध्ये पहिला फेडरेशन चषक आयटीआयच्या फुटबॉल संघाने जिंकला, तो मोहन बागानला हरवून. टेलिफोन बनवणाऱ्या कारखान्याचा संघ देशात अव्वल ठरतो, यामागे खेळाडूंची गुणवत्ता तर आहेच. पण ठरलेली पाळी, पाळीनंतरचा खात्रीचा वेळ, घराजवळचे मैदान आणि कारखान्याच्या अंदाजपत्रकातली तरतूदही आहे. नव्वदीनंतर शहराचा रोजगार सॉफ्टवेअर कंपन्या, शिलाईचे कारखाने आणि अलीकडे घरपोच सेवा यांकडे वळला, आणि हे चारही आधार ढिले झाले. मैदानांचे मूळही पाहण्यासारखे आहे: कंठीरव स्टेडियम संपंगी तळ्याच्या जागेवर आहे, मॅजेस्टिकचे बसस्थानक धर्मांबुधी तळ्याच्या. शहराने एक विरंगुळा पुसून दुसरा बांधला आणि कधी त्या जागी नुसती गर्दी बांधली.

प्रवासाचा वेळ हा तर फुरसतीवरचा सरळ कर आहे. टॉमटॉम या कंपनीच्या २०२४च्या मोजणीत बंगळूरुमध्ये १० किलोमीटर जायला सरासरी ३४ मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागला. जगातल्या सर्वांत मंद शहरांत त्याचा क्रमांक तिसरा. पाठोपाठ चौथे पुणे, म्हणून मराठी वाचकाने हा प्रश्न परक्या राज्याचा समजू नये. दुसरीकडे उद्यानांचे घ्या. बंगळूरुमधली महापालिकेची उद्याने बरीच वर्षे दुपारच्या वेळी बंद ठेवली जात. २०२४ मध्ये ती पहाटे पाचपासून रात्री दहापर्यंत उघडी ठेवण्याचा निर्णय झाला. दुपारी कुलूप असताना बाहेर कोण राहत होते? सकाळी चालायला येणारा निवृत्त अधिकारी नव्हे. दोन घरांच्या कामांमधला तास घालवायला सावली शोधणारी मोलकरीण, पुढच्या मागणीची वाट पाहणारा डिलिव्हरीवाला, परीक्षेचा अभ्यास करायला घरात कोपरा नसलेला मुलगा. कुलपाचा निर्णय घेताना त्यांच्या वेळापत्रकाचा पुरावा कोणाच्या टेबलावर असता, तर तो आधीच बदलला असता असे मानायला जागा आहे.

आणि मग बसवनगुडीची कडलेकाई परिषे, कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारची शेंगदाण्यांची जत्रा. शेतकरी दोड्ड बसवण्णाला, म्हणजे तिथल्या मोठ्या नंदीला, पहिले पीक वाहतात, रस्ताभर शेंगांचे ढीग लागतात, शहर लोटते. विकणाऱ्याचा तो धंदा, नवस फेडणाऱ्याची ती पूजा, मुलाबाळांची ती मौज. आणि बरेचदा ही तिन्ही माणसे एकच असतात. संयुक्त राष्ट्रांच्या वर्गीकरणात धार्मिक आचरण सातव्या विभागात आणि फुरसत आठव्यात. १९३९पासून चामराजपेठेत श्रीरामसेवा मंडळी भरवत असलेला रामनवमीचा संगीतोत्सव कोणत्या विभागात घालायचा? गांधीनगरातल्या महाराष्ट्र मंडळाचा गणेशोत्सव? पंढरीची वारी? प्रगणकाने काहीही निवडले तरी अर्धे उत्तर चुकते. इथे आपल्या अभ्यासकांनी जगाला काही देण्यासारखे आहे: भारताच्या अनुभवावर तपासलेले, दुपेडी नोंदींना जागा देणारे वर्गीकरण. ते एखाद्या प्राध्यापकाच्या निबंधाने बदलणार नाही. त्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या संख्याशास्त्रज्ञांशी वर्षानुवर्षे बोलणारी संस्था लागते.

याला पहिला आक्षेप असा येतो की गरीब देशाने आधी पोटाचे पाहावे, करमणुकीचे संशोधन श्रीमंतांना शोभते. हा आक्षेप जुना आहे आणि त्याचे उत्तर महाराष्ट्रानेच दिले आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी आठवड्याच्या सुटीची मागणी धरली तेव्हा ते कामगार पोटभर जेवत होते असे नाही. १० जून १८९०पासून रविवारची सुटी मिळाली ती त्या मागणीमुळे. डॉ. आंबेडकरांनी १९४५च्या आपल्या ग्रंथात यंत्रयुगाच्या बाजूने युक्तिवाद करताना सांगितले की माणसाला पशूपासून वेगळे करणारे संस्कृतीचे जीवन फुरसतीशिवाय शक्य नाही, आणि यंत्राचा मोठा लाभ तोच. आठवड्याच्या कामाची मर्यादा ५४ तासांवरून ४८वर आणणारी फॅक्टरी कायद्यातली दुरुस्ती १९४६ची. ज्याला पिढ्यान्पिढ्या फुरसत नाकारली गेली त्याच्या दृष्टीने ती चैन कधीच नव्हती. ज्याच्याकडे पैसा आहे तो आपली फुरसत क्लबात, प्रवासात, नोकर ठेवून विकत घेतो. ज्याच्याकडे नाही त्याला ती कायदा आणि सार्वजनिक जागा यांतूनच मिळू शकते. म्हणून तिचे संशोधन मुख्यतः गरिबाच्या कामाचे आहे.

दुसरा आक्षेप नेमका उलट्या दिशेचा: देशाला पुढे जायचे तर तास वाढवायला हवेत. बंगळूरुमध्ये हा वाद नुसता वैचारिक नाही. कर्नाटकाने २०२३ मध्ये कारखाना कायद्यात दुरुस्ती करून दिवसाला बारा तासांपर्यंत कामाची मुभा दिली आणि तीन महिन्यांतल्या जादा कामाची मर्यादा ७५ तासांवरून १४५वर नेली. त्याच वर्षी इन्फोसिसचे संस्थापक नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे असे सुचवले. मूर्तींच्या सूचनेमागे देशाविषयीची आस्था आहे, हे मान्य करूनही विचारावे लागते की वाढलेले तास कोणाच्या दिवसातून निघतात. घरी स्वयंपाक करणारे दुसरे माणूस असेल त्याचे ७० तास आणि २८९ मिनिटे घरकाम करून कामावर येणाऱ्या बाईचे ७० तास एक नव्हेत. तास वाढवावेत की नाहीत यावर मतभेद असू शकतात. पण आज हा निर्णय केवळ उद्योगांच्या आणि कामगार खात्याच्या आकड्यांवर होतो, फुरसतीच्या बाजूने बोलणारा पुरावा त्या खोलीत नसतो. तो तिथे पोहोचवणे हे या सभेचे पहिले सार्वजनिक कर्तव्य ठरेल.

तिसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. समाजशास्त्र, नगररचना, मानसोपचार हे विषय आहेतच, मग नवी सभा कशाला? बंगळूरुमध्ये हे काम चालू आहे हे खरे. निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेने २०१४ मध्ये तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी ‘शट’ चिकित्सालय सुरू केले. मोबाइल आणि खेळ यांत अडकलेली मुले तिथे येतात, म्हणजे फुरसतीचे आजारपण तिथे दिसते. हरिणी नागेंद्र यांनी शहराच्या झाडांचा, तळ्यांचा, बागांचा इतिहास लिहिला, स्मृती श्रीनिवास यांनी करग उत्सव आणि शहर यांचे नाते उलगडले, जानकी नायर यांनी शहराची सामाजिक घडण मांडली. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी १९७२ मध्ये स्थापन केलेली आयसेक ही सामाजिक-आर्थिक संशोधन संस्था नागरभावीत आहे, आकडेवारी वाचणारी माणसे तिथे आहेत. पण निम्हान्सला दिसणारा मुलगा आणि बुजलेल्या तळ्याकाठचे हरवलेले मैदान यांचा संबंध आहे का, हे विचारायला मानसोपचारतज्ज्ञ आणि पर्यावरणाचा अभ्यासक एका बैठकीत यावे लागतात. आज ते निरनिराळ्या परिषदांना जातात. एवढी जाणकार माणसे एका शहरात असूनही त्यांचा हा सामाईक विषय बेवारस राहावा, हेच सभेच्या बाजूचे सर्वांत मोठे कारण आहे.

अशी सभा कंपन्यांच्या ताब्यात जाईल, फुरसतीचे संशोधन म्हणजे ग्राहकाला पडद्यासमोर आणखी किती वेळ बसवता येईल याचे गणित होईल, अशी भीतीही व्यक्त केली जाते. ती रास्त आहे. उपाय सभेच्या घटनेत घालावा लागेल: सभासदांच्या वर्गणीवर चालणारा कारभार, पैसा कोणाचा हे प्रत्येक निबंधावर छापणे, सर्व विदा खुली. बंगळूरुला याचा अनुभव आहे. मिथिक सोसायटी १९०९ची. तिचे त्रैमासिक विद्यापीठाबाहेरच्या माणसांनीही चालवले. १९४५ मध्ये डी. व्ही. गुंडप्पा यांनी गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या नावाने सार्वजनिक प्रश्नांची संस्था काढली. नागरिकांच्या विद्याप्रेमावर संस्था कशा टिकतात हे या शहराने दाखवले आहे. त्यांनीही चढउतार पाहिले असतील, पण आज त्या उभ्या आहेत.

सुरुवात मोठ्या इमारतीने करायची गरज नाही. वेळेच्या दोन्ही देशव्यापी पाहण्यांची मूळ विदा सरकारने संशोधकांसाठी खुली केली आहे. त्यातला कर्नाटक आणि महाराष्ट्राचा भाग घेऊन विश्रांती आणि करमणूक वेगळ्या काढाव्यात, स्त्रियांचा मोकळा वेळ सलग किती आणि तुकड्यांत किती हे तपासावे, आणि अहवाल कन्नड, मराठी, तमिळ, तेलुगू, उर्दूत काढावा; ज्यांच्या वेळेचा तो हिशेब आहे त्यांना तो वाचता आला पाहिजे. पुण्यामुंबईच्या संख्याशास्त्राच्या, समाजशास्त्राच्या आणि शारीरिक शिक्षणाच्या विभागांनी बंगळूरुच्या सहकाऱ्यांना पत्र लिहून या कामाला आत्ताच हात घालावा. पुढच्या पाहणीची प्रश्नावली ठरायच्या आत त्यांची सूचना सांख्यिकी कार्यालयाकडे पोहोचली पाहिजे.